'ढ' म्हणण्यापूर्वी

(संस्थेच्या सभेत सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीत लहान मुलाबद्दल एक शब्द फार सहज वापरला जातो. 'ढ'. तो एकदा चिकटला की पोर मागच्या बाकावर जाते आणि काही वर्षांनी शाळेतच दिसेनासे होते. हा शब्द उच्चारण्यापूर्वी काय तपासावयास हवे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सुरुवात आमच्याच चुकीने करतो. पहिली-दुसरीच्या मुलांचे बोलणे व वाचन पाहण्यासाठी आम्ही काही रविवार बसलो होतो. एका मुलीला टमाटरचे चित्र दाखविले. ती म्हणाली, 'पताल'. आम्ही शून्य लिहिले. पुढच्या दोन चित्रांनाही तसेच झाले. दारात बसलेली तिची आजी म्हणाली, "बरोबरच तर सांगते हो पोरगी." घरची बोली छत्तीसगडी, आणि छत्तीसगडीत टमाटरला पतालच म्हणतात. शब्द मुलीला येत होता, आम्हांला येत नव्हता. कोळशाच्या खाणींमुळे कन्हानला ठिकठिकाणची कुटुंबे आली; एकाच चाळीत नागपुरी मराठी, हिंदी, छत्तीसगडी, तेलुगू ऐकू येते. तेव्हा पहिला प्रश्न मुलाला नव्हे, घरच्यांना विचारावा: घरी कोणती भाषा बोलता? मूल त्या भाषेत गोष्ट सांगू शकत असेल, तर त्याची भाषा शाबूत आहे. त्याला मराठी शिकावयाची आहे, एवढेच.

आपल्या मराठी घरांतही हाच घोळ होतो. मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचते, 'डोळा' ला 'डोया' म्हणते. हा वाचनाचा दोष नव्हे आणि जिभेचाही नव्हे; आपण सगळेच घरी तसे बोलतो. अर्थ विचारावा, तो बरोबर आला तर खूण बरोबरची करावी. प्रमाण उच्चार पुढे शिकवता येतो. पण पाच-सहा वर्षांचे मूल 'काका' ला 'ताता' म्हणत असेल आणि घरात दुसरे कोणी तसे बोलत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. तेथे वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवावे. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे आणि चार वर्षांपर्यंत परक्या माणसालाही बहुतेक समजावे असे बोलणे, हा ढोबळ हिशेब आयांनी लक्षात ठेवावा. "बापही उशिराच बोलला होता" म्हणून वाट पाहत बसू नये.

आणि कान! कान वाहणारे मूल अर्धेच ऐकते, म्हणून अर्धेच बोलते, आणि गुरुजींना वाटते की लक्ष देत नाही. बोलण्याची शंका आली की आधी कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कानाची तक्रार स्वतः सांगा. नागपूरला मेडिकल व मेयोत कान-नाक-घसा विभाग आहेत.

आता वाचन. अक्षरांच्या आधी आवाज येतो. 'कमळ' मधून 'क' काढला तर काय उरते? 'गाणे' सारखा दुसरा शब्द कोणता? हा खेळ ज्याला जमतो त्याला अक्षर लवकर पकडते. आपल्या लिपीची एक गंमत पाहा: 'कि' मधली वेलांटी लिहितो आधी, बोलतो नंतर. मोठ्यांना ते जाणवतही नाही, पण मूल तेथेच अडते. म्हणून केवळ 'वाचता येत नाही' असे लिहू नये. काना-मात्रेत अडते, वेलांटीत अडते की जोडाक्षरात, ते लिहावे.

प्रथम संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होत असलेल्या 'असर' पाहणीची रीत आपल्याला सहज वापरता येते. एका वेळी एकच मूल, तोंडी. आधी पहिलीच्या पातळीचा उतारा देतात. तो आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. न आला तर शब्द, मग अक्षरे. मुलाने स्वतः निवडलेल्या पाचांपैकी चार आली की पुरे. याच पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतील मुले 2018 मध्ये 20.9 टक्के होती, 2022 मध्ये 16.3 आणि 2024 मध्ये 23.4. मधली घसरण शाळा बंद राहिल्यानंतरची आहे. चारांतील तीन मुले जेथे अडतात, तेथे सगळीच ढ आहेत असे कोण म्हणेल?

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. तपासताना मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. चार मुलांदेखत वाचावयास लावू नका. त्याच्या कागदावर गुणांऐवजी ते कोठे अडले तो शब्द लिहा, आणि घरची भाषाही लिहा.

त्या मुलीचा शून्याचा कागद आम्ही फाडला नाही. संस्थेच्या कपाटात आहे. तपासणीला बसणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आम्ही तो आधी दाखवितो.