भंगारात काढण्याआधी कॉम्प्युटर तपासू या

हातातलं काम चालू ठेवा, फक्त वही-पेन जवळ असू द्या, कारण आज दोन-चार आकडे लिहून घ्यावे लागतील.

आज बोलायचं आहे ते आपल्या ग्रामसंघाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांना दुकानातून एकच उत्तर मिळालंय : "ताई, याचं विंडोज संपलं. यावर नवीन बसत नाही. नवा घ्या." नवा घ्यायचा म्हणजे गटाच्या पैशाला हात लावायचा. तेवढ्या पैशात एखादीला शेळ्यांसाठी किंवा शिलाई मशीनसाठी अंतर्गत कर्ज देता येतं. म्हणून दुकानदाराचं खरं किती आणि अर्धवट किती, हे आपण समजून घेऊ.

कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जी उठते आणि बाकी सगळ्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. हिशेब लिहिता येतो, प्रिंट निघते. पण चोरांना आत शिरायच्या नव्या नव्या फटी सापडत असतात, आणि त्या बुजवणारे दर महिन्याचे अपडेट आता आपोआप येत नाहीत. ज्या मशीनवरून बँकेचं काम होतं, तिथे हा धोका मोठा.

मग विंडोज ११ का बसत नाही? कंपनीनं अटी घातल्यात. कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. टीपीएम २.० हवं, ही कॉम्प्युटरच्या आतली किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरीच समजा. आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चांगली चालणारी मशिनंसुद्धा या परीक्षेत नापास होतात. नापास म्हणजे निकामी नव्हे.

आता लिहून घ्या. सेटिंगमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव असतं. आय-फाइव्हच्या पुढे ७२०० असा चार आकडी नंबर असेल, तर पहिला आकडा म्हणजे पिढी : सातवी. आय-थ्रीच्या पुढे १०११० असा पाच आकडी असेल, तर पहिले दोन आकडे बघायचे : दहावी. यानंतर कंपनीचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्राम चालवा. मशीन कोणत्या अटीत अडलंय ते तो सांगतो.

इथेच एक गंमत आहे. कधी कधी मशीन पुरेसं नवं असतं, पण आतली ती तिजोरी बंद ठेवलेली असते. बायॉसच्या सेटिंगमध्ये इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम नावानं ती चालू करता येते. आमच्या प्रभागसंघाच्या तीन कॉम्प्युटरपैकी एक असाच निघाला. दुकानात त्याला भंगार ठरवलं होतं. सेटिंग बदलली आणि कंपनीच्या नियमातच विंडोज ११ बसलं. खर्च शून्य.

उरलेले दोन मात्र सहाव्या पिढीचे. ते खरोखर नापास. अशा मशीनसाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट, मुदतवाढ. विंडोज १० साठी कंपनीनं सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केले. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ही वाट म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ. मुक्काम नव्हे.

दुसरी वाट, नियम डावलून विंडोज ११ बसवणं. हे होतं. 'रूफस' नावाच्या मोफत प्रोग्रामनं असा पेनड्राइव्ह तयार करता येतो की बसवताना टीपीएम वगैरेची तपासणी गाळली जाते. दुकानदार "विंडोज मारून देतो" म्हणतात, तेव्हा पुष्कळदा हेच करतात. पण पैसे देण्याआधी त्याचा अर्थ ओळखा. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं कंपनी स्पष्ट सांगते. महिन्याचे अपडेट सहसा येतात, पण ते येतच राहतील याची हमी कुणी देत नाही. वर्षाकाठी जी मोठी नवी आवृत्ती निघते ती आपोआप येत नाही. तीच खटपट पुन्हा करावी लागते. नाही केली, तर घरगुती आवृत्तीची देखभाल दोन वर्षांत संपते आणि आपण होतो तिथेच येतो. फार जुन्या, कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २०२४ च्या शेवटी आलेली आवृत्ती सुरूच होत नाही. तिथे पैसे घालवू नका. आणि कुणी छाटून 'हलकी' केलेली विंडोज देत असेल, तर नको म्हणा. तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय, हे आपल्याला कळायचा मार्ग नाही.

तिसरी वाट, लिनक्स. ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आणि सगळ्यांना मोकळी. आपल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स तयार केलीय. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात. 'लिनक्स मिंट' नावाचा प्रकार विंडोजसारखाच दिसतो. त्याच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबी रॅमवर ती चालते. मराठी टायपिंग होतं. हिशेबाचे तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये होतात. आणि मोठा फायदा म्हणजे ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. हार्डडिस्कला हात न लावता प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, हे कळतं. अडचणही सांगते : टॅली तिच्यावर सरळ चालत नाही. अंगठ्याची मशिनं आणि डिजिटल सही यांचे प्रोग्रामही बरेचदा फक्त विंडोजसाठी असतात. बँक सखीच्या मशीनवर लिनक्स घालण्याआधी हे विचारून घ्याच.

यातली कुठलीही वाट धरा, पण त्याआधी चार कामं करायचीच.

एक. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढा, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. एक कार्यालयात, एक सचिवांच्या घरी. प्रत उघडून वाचून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही.

दोन. फॉन्ट सांभाळा. आपली जुनी इतिवृत्तं आणि अर्ज कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले असतात. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात आणि फाइल बिघडली असं वाटतं. फाइल शाबूत असते, फॉन्ट गेलेला असतो. म्हणून फॉन्टचीही प्रत घ्या. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा.

तीन. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे, आधी कागदावर उतरवा. बायॉसला हात लावल्यावर मशीन ते आकडे मागू शकतं.

चार. प्रिंटर आणि इतर जोडलेल्या वस्तूंची नावं, मॉडेल नंबर लिहून ठेवा.

आमच्या बैठकीत कोषाध्यक्षताईंनी नेमका प्रश्न विचारला : "उद्या अपडेट बंद झाले तर बायकांच्या हिशेबाला कोण जबाबदार?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि मग आम्ही मशीन बघून नव्हे, काम बघून ठरवलं. बँक, सही, पोर्टल ही कामं फक्त नियमात बसणाऱ्या पहिल्या मशीनवर. दुसऱ्यावर लिनक्स : इतिवृत्त, पत्रं आणि गटांच्या हिशेबाचे तक्ते. तिसऱ्यावर नियम डावलून विंडोज ११, फक्त मुलींच्या टायपिंग शिकण्यासाठी. त्यावर कुणाचा आधार नंबर नाही, पासबुक नाही. दर सहा महिन्यांनी तिन्हींचे अपडेट तपासायची जबाबदारी दोघींच्या नावानं ठरावात लिहिली.

हा निर्णय तुमच्या गावाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. एकच मशीन असेल आणि बँकेचं कामही त्यावरच असेल, तर नियम डावलू नका. मुदतवाढ घ्या आणि तेवढ्या काळात नव्यासाठी थोडे थोडे पैसे बाजूला काढा.

दुकानात जाताना एकटीनं जाऊ नका, दोघी जा. हे तीन प्रश्न विचारा : मशीन नेमक्या कोणत्या अटीत अडलंय? तुम्ही जे बसवणार ते कंपनीच्या नियमात आहे की बाहेर? अपडेट बंद झाले तर पुढे काय? उत्तरं पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला जो कां-कू करेल, त्याच्याकडे मशीन ठेवून येऊ नका.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. आधी प्रोसेसरचा नंबर बघा, मग पैशाचं बोला.