चंद्रावर उतरण्याची काटकसर



इस्रोचे चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटी रुपयांत चंद्रावर उतरले, याचे कौतुक सर्वत्र होते. परंतु काटकसर नेमकी कोठे केली, हे फारसे कोणी पाहत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ चंद्रावर आदळला, तरी त्या मोहिमेतील दुसरे यान चंद्राभोवती फिरतच राहिले होते. संदेशवहनासाठी त्याचाच उपयोग केला; तसे नवे धाडले नाही. थेट चंद्राकडे झेपावणारा प्रचंड अग्निबाणही टाळला. पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवीत ४० दिवसांची वाट पत्करली.

उतरण्याच्या कामी मात्र हात आखडला नाही. यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढविले, वेग मोजणारे लेसर-उपकरण नव्याने बसविले. ५०० मीटरांच्या चौकोनाऐवजी ४ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद पट्टा उतरण्यास मुक्रर केला. काय काय बिघडू शकेल, हे आधी गृहीत धरूनच सारी आखणी झाली. (मांडवावर उधळून मुलांच्या शिक्षणात काटकसर करणाऱ्या आपणांस हा हिशेब थोडा बोचेल; बोचावाच.)

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी नवा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद टेकला.