वाकळेचा काठ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेच्या शिवणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षकाने महोत्सवात शिक्षणावर बोलावे, अशी रूढी आहे. ती मोडून आम्ही आज वाकळेच्या काठावर बोलणार आहोत. विषय दिसायला लहान आहे. पण ह्याच संस्थेच्या कामात त्याने एकदा आम्हांस खाली मान घालायला लावली, आणि जे शिकविले ते आम्ही अद्याप विसरलो नाही.

बेळगाव, कोल्हापूरकडे जिला आपण वाकळ म्हणतो, तिला वरच्या देशात गोधडी म्हणतात आणि आपले कानडी शेजारी कौदी म्हणतात. नावे तीन, वस्तू एकच. वर-खाली जुने लुगडे, मध्ये धोतर, चादर, सदरे ह्यांचे थर आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा धावदोरा. फकिराची गुदडी काय किंवा बैराग्याची कंथा काय, त्याच घराण्यातल्या. तिच्यात सगळे जुनेच असते. कोरे कापड घरी आलेच तर ते काठासाठी. आमची अम्मा सणाच्या कपड्यांतून उरलेली पट्टी जपून ठेवी, ती वाकळेच्या काठासाठीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा ह्या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात हाहाकार माजविला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी शाळेत आणि संस्थेत पांघरुणे गोळा झाली. घराघरांतून वाकळा आल्या. मधून त्या चांगल्या होत्या, पण कडा झिजलेल्या, आतल्या चिंध्या बाहेर डोकावत असलेल्या. 'ऊब तर आहे ना,' असे म्हणून आम्ही त्या तशाच घेऊन गेलो. एका म्हाताऱ्या बाईने वाकळ हातात घेतली, कडेवरून बोट फिरविले आणि शांतपणे म्हणाली, "फाटकी आमच्या घरात होतीच की गुरुजी. ती पाण्यात गेली. आता दुसरी फाटकी कशाला?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. आम्ही त्या वाकळा परत आणल्या आणि काठ लावण्याचे ठरविले.

वाकळ कडेनेच का फाटते? अंगावर ओढताना हात पडतो तो कडेवर. हनुवटीचा घाम आणि डोक्याचे तेल लागते तेही वरच्या कडेला. आणि धुताना तर सारा भार तिथेच येतो. भिजलेली वाकळ किती जड होते, हे नदीवर ती पिळणाऱ्या बाईस विचारावे. ती कडेला धरूनच उचलावी लागते. मधला भाग शेजारच्या टाक्यांच्या आधाराने टिकतो. कडेला एकाच बाजूने आधार असतो.

घाईघाईने आम्ही लाल कोरे कापड आणले, कडेकडेने फीत फिरवून माप घेतले आणि मुलींकडून पट्ट्या शिवून घेतल्या. पहिल्या पाच वाकळा जमिनीवर अंथरल्या, तो काठाला लाटा उठलेल्या. एक धुऊन पाहिली तर लाल रंग पांढऱ्या धोतरावर उतरला, आणि पट्टी आटून वाकळ कडेने चुणली. बी.एड.च्या पदवीचा इथे काही उपयोग झाला नाही.

तेव्हा शिवणवर्गातील एक मावशी पुढे आल्या. त्यांनी फीत बाजूला ठेवली, सुतळी घेतली, वाकळेच्या मधोमध ताणून धरली आणि गाठ मारली. म्हणाल्या, "कडेचं माप खोटं असतं. कड ओढून ओढून लांबलेली असते. खरं माप मध्यात."

खरोखर तसेच होते. मधून वाकळ ८४ इंच भरली, तर एका कडेने ८६ आणि दुसऱ्या कडेने ८७ इंच. आम्ही ८६ आणि ८७ च्या पट्ट्या लावून कडेची चूक कायम करीत होतो! दोन्ही लांब पट्ट्या ८४ इंचांच्याच घ्याव्यात. पट्टीची चौघडी करून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कराव्यात, वाकळेवरही तशाच कराव्यात, खुणेवर खूण ठेवून टाचावे आणि मधली दोन-तीन इंचांची वाढ थोडी थोडी सगळीकडे वाटून द्यावी. मग कड आपोआप सरळ येते.

चार इंच काठ हवा असेल, तर पट्टी अकरा इंच रुंद लागते. वरून चार, खालून चार, दोन्हीकडून वाकळेवर चढण्यासाठी एकेक इंच आणि दुमडीला अर्धा-अर्धा. पट्टीच्या पोटात जुन्या धोतराचे थर घालावेत, नाहीतर काठ लोळतो. आधी लांब बाजू लावाव्यात. मग आडवे माप पुन्हा मधून घ्यावे. ६० इंचांच्या वाकळेला दोन्हीकडचे चार-चार मिळून ६८ होतात, आणि टोके आत दुमडण्यासाठी एक इंच जास्त. कापड सुतीच असावे, आणि लावण्यापूर्वी ते भिजवून, खळ काढून, रंग जातो का ते पाहून वाळवावे. जुने कापड आटायचे तेवढे आटलेले असते. नवे अजून आटायचे असते.

त्या पाचही वाकळा आम्ही उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. मग त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पुन्हा कडेवरून बोट फिरविले आणि वाकळ घडी करून आत नेली. बोलल्या काहीच नाहीत.

काठ शेवटी लावायचा, ही आपली रीत. पण आपल्या शेजारीच खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी भगिनींची रीत उलटी आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या कवंदीचे टाके कोपऱ्यापासून सुरू होतात, कडेकडेने फिरत फिरत आत येतात आणि मध्यावर संपतात. म्हणजे कड आधी पक्की, मग पोट. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसविल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. ती देखील कुणाच्या तरी अंगावर घालायचीच वस्तू. तरी फुलांवाचून ती उघडीवाघडी राहू नये, ही काळजी. आम्ही पूरग्रस्तांना जे देण्याचे विसरलो, ते हेच.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. काठ तपासल्याशिवाय कोणतीही वाकळ संस्थेतून बाहेर जाऊ नये, असा नियम ह्या महोत्सवी वर्षात करावा. भगिनींना विनंती अशी की, घरातली जुनी सुती लुगडी भांडीवाल्याला न देता वर्गात आणावीत. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या थरांत सरकतात, आणि घामही टिपत नाहीत. तेव्हा सुती लुगड्याची किंमत वाढली आहे, ती ओळखावी.

आणि संस्थेला पन्नास वर्षे झाली, म्हणून एवढेच म्हणतो. जुन्या वाकळेला नवा काठ लागतोच, तसे नवे कार्यकर्ते संस्थेला लागतात. ते जरूर घ्यावेत. मात्र माप कडेच्या ओढाताणीवरून नव्हे, मध्यातून घ्यावे.