पोथी राजांची, टिपा संपादकाच्या

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १८३२ साली निवर्तले. भूगोल सांगणारे त्यांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक. त्याची मूळ संहिता कोणीही कोणास पाठवावी, त्यात चौर्य नाही. परंतु सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद डोळे शिणवून लावणाऱ्या संपादकाची गोष्ट निराळी. त्याची प्रस्तावना, टिपा, भाषांतर यांवर १९५७ च्या कायद्याने स्वतंत्र स्वामित्वहक्क असतो. साधारणतः मृत्यूनंतरही ६० वर्षे. असा ग्रंथ मोबाइलवर पानोपान टिपून, बहुधा संपादकाचे नाव असलेले पहिलेच पान गाळून, आप्तांच्या गटावर धाडला जातो. हेतू भाषाप्रेमाचा, हे खरेच. पण मोडी वाचणारे आधीच विरळ. प्रतीच खपल्या नाहीत, तर पुढचे दप्तर उलगडण्याचा खर्च कोण सोसणार? ग्रंथाचे नाव आणि तो कोठे मिळतो, एवढे मात्र अवश्य कळवावे.