चारमिनारी रुपयाची पारख

श्रोतेहो, आपल्या बीड जिल्ह्यात आजीच्या गाठोड्यात अजून निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया सापडतो. त्यावर चारमिनार असतो. मधल्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर असेल तर तो मीर उस्मान अली खानाचा. ‘मीम’ असेल तर त्याच्या वडिलांचा. तो सुमारे ११.१८ ग्रॅम भरावा. लोहचुंबकाला चिकटला, तर खोटाच! १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे नऊ ग्रॅम चांदी असते. त्याहून जास्त भाव कोणी सांगितला, तर कारण विचारावे. दर्जा लिहिलेल्या मोहोरबंद डबीतले नाणे तोलता येत नाही. म्हणून डबीवरचा क्रमांक दर्जा देणाऱ्या संस्थेच्या नोंदीशी ताडावा. आणि हो, रुपया राखेने घासू नका. लखलखीत झाला की किंमत गेली!