न्यिशींच्या नावाचा बेगोनिया



ग्रंथालयाच्या शताब्दीसोहळ्यात एका फुलझाडाची कथा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या झाडाच्या नावातच आहे. ओसरीवर, सज्जात किंवा जिन्याखालच्या सावलीत रंगीत, तिरप्या पानांचे जे रोप कुंडीत जपलेले दिसते, ते बेगोनियाचे. हे नाव ज्या गृहस्थावरून पडले, तो आपल्या काळातील एक मोठा ग्रंथसंग्राहक होता.

मिशेल बेगाँ (१६३८-१७१०) हे फ्रान्सचे राजे चौदावे लुई यांच्या सेवेतील एक वरिष्ठ अधिकारी. रोशफोर या बंदराचा कारभार त्यांनी दीर्घकाळ पाहिला आणि तेथेच ग्रंथ, चित्रे व नाणी यांचा मोठा संग्रह उभा केला. त्यांच्या ग्रंथांवर लॅटिन भाषेत एक मुद्रा असे. तिचा अर्थ, ‘मिशेल बेगाँ यांचे आणि त्यांच्या मित्रांचे’. ग्रंथ बाहेर दिल्याने ते हरवतील, अशी शंका ग्रंथपालाने काढली, तेव्हा सज्जन माणसावर अविश्वास दाखवण्यापेक्षा ग्रंथ गमावलेला बरा, असे बेगाँ यांनी उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. ग्रंथ परत येण्याची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या ग्रंथपालांना हे उत्तर किती पटेल, हा प्रश्न वेगळा!

या बेगाँ यांच्याच आश्रयाने शार्ल प्ल्यूमिये नावाच्या एका व्रतस्थ धर्मोपदेशकाला १६८९ साली कॅरिबियन समुद्रातील बेटांवर वनस्पतींच्या शोधार्थ जाण्याची संधी लाभली. तेथील डोंगरांतल्या ओल्या अरण्यांत त्यांना काही विलक्षण रोपे आढळली. या कुलाला त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले. पुढे १७५३ साली लिनियस यांनी तेच नाव कायम केले. प्ल्यूमिये यांचे नावही विस्मृतीत गेले नाही. देवळाच्या आवारात फुलणाऱ्या देवचाफ्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ हे त्यांच्यावरूनच आलेले आहे.

मात्र या रम्य कथेला एक काळी किनार आहे. तिच्याकडे डोळेझाक करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. १६८२ ते १६८५ या काळात बेगाँ हे त्याच बेटांवर फ्रेंच सत्तेचे प्रशासक होते. ती बेटे गुलामांच्या श्रमावर ऊस पिकवीत होती. १६८५ साली गुलामांसंबंधीची जी संहिता फ्रान्सने जारी केली, तिच्या पूर्वतयारीच्या निवेदनांत बेगाँ यांचाही हात होता. ज्या डोंगरांतून ते रोप आले, तेथे राबणाऱ्या कोणाचेही नाव त्याला मिळाले नाही. सत्ताधाऱ्याचे मिळाले. ग्रंथांच्या बाबतीत एवढा उदार असलेला माणूस माणसांच्या बाबतीत त्या उदारतेला मुकलेला असू शकतो, हे या फुलाच्या नावाने तीन शतके सांगितले आहे. नाव देणे ही निर्हेतुक क्रिया कधीच नसते.

आता हे कुल दोन हजारांहून अधिक जातींचे झाले आहे. सपुष्प वनस्पतींमधील सर्वांत मोठ्या कुलांत त्याची गणना होते. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण प्रदेशांत ते पसरलेले आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर फुलणाऱ्या नाजूक, गुलाबी-पांढऱ्या फुलांतही बेगोनिया आहेत. पाऊस ओसरला की त्यांचे पानफूल नाहीसे होते आणि जमिनीतला कंद पुढच्या आषाढाची वाट पाहत राहतो. कुंड्यांतील अनेक रंगीत पानांच्या प्रकारांचा पूर्वज ‘बेगोनिया रेक्स’ हा तर आसामच्या बाजूचा. १८५७ साली त्याचे नामकरण युरोपात झाले.

एका कुलात एवढ्या जाती का असाव्यात, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. बेगोनियाचे पान शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसते. एक बाजू मोठी, दुसरी लहान. एकाच झाडावर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी येतात. नरफुलात कीटकांसाठी पराग असतो, मादीफुलात मात्र बहुधा काहीच नसते. तिच्या मध्यभागी पिळवटलेला पिवळा गुच्छ पुंकेसरांसारखा दिसतो, कीटक फसतो आणि परागीभवन घडते. फळाला बहुधा तीन पंख असतात आणि त्यात धुळीच्या कणांएवढे असंख्य बी. परंतु दाट अरण्याच्या तळाशी वारा फारसा नसतो. बी फार दूर जात नाही. एका दरीतले झाड दुसऱ्या दरीपर्यंत पोहोचत नाही आणि प्रत्येक दरीत, प्रत्येक कड्यावर हळूहळू वेगळी जात घडते. त्यामुळे बेगोनियाच्या कितीतरी जाती एखाद्या डोंगराच्या एखाद्या उतारापुरत्याच आहेत. हस्तलिखितांच्या भाषेत सांगायचे, तर त्या जातीची जगात एकच प्रत असते.

अशीच एक प्रत २०२५ साली जगापुढे आली. अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व कामेंग जिल्ह्यात डोंगर पायथ्याच्या उष्ण अरण्यापासून वर थंड धुक्यात चढत जातात. तेथील दमट, सावलीच्या उतारांवर वाढणारी एक बेगोनियाची जात शास्त्राला नवी असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तिच्या पानांच्या देठांवर किरमिजी रंगाच्या, झालरीसारख्या कडा असलेल्या खवल्यांचे दाट आवरण असते. हेच तिचे मुख्य ओळखचिन्ह. तिला नाव मिळाले ‘बेगोनिया न्यिशिओरम’, म्हणजे ‘न्यिशींचा बेगोनिया’. न्यिशी हा अरुणाचलातील सर्वांत मोठा जनसमाज. आपल्या भागातील अरण्य राखण्यात त्याने जे केले, त्याचा हा गौरव.

‘नवी जात’ या शब्दप्रयोगाने मात्र फसू नये. ते झाड त्या दिवशी जन्मलेले नसते. ते हजारो वर्षे तेथेच असते. ईशान्येकडील डोंगरी समाजांना बेगोनियांची ओळख जुनीच आहे. अनेक जातींचे आंबट, रसाळ देठ तेथे भाजीत आणि चटणीत वापरले जातात. नवे असते ते शास्त्राच्या दप्तरातील नोंदीच्या दृष्टीने. ती नोंद करणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. रानातून आणलेली फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात. स्थळ, दिनांक, उंची, फुलाचा रंग लिहून ठेवतात. मग देशोदेशींच्या वनस्पतिसंग्रहांत दीड-दोनशे वर्षांपूर्वी ठेवलेल्या तशाच कागदांशी तिचे एकेक अंग ताडून पाहतात. कोठेच मेळ बसला नाही, तरच नवे नाव. आणि ज्या एका नमुन्यावर ते नाव आधारलेले असते, तो कायमचा प्रमाण म्हणून जपला जातो.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती मिळवून, पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या कामाचा मार्ग हाच होता. पाठभेद पारखणारी दृष्टी आणि देठावरचे खवले पारखणारी दृष्टी यांचे कुळ एकच. वनस्पतिसंग्रह हेही एक ग्रंथालयच आहे. त्यातील पाने खरोखरीची पाने आहेत, एवढाच फरक.

पण केवळ नोंद झाल्याने जात वाचत नाही. मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिमेस पिनांग नावाचे बेट आहे. त्याच्या पुलाऊ बेतोंग या भागात १८८६ साली एका बेगोनियाचा नमुना गोळा झाला आणि १८९८ साली आणखी एकदा. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानाचे ख्यातनाम संचालक हेन्री रिडली यांनी त्याला ‘बेगोनिया आयरोमिस्का’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘लोकरी देठाचा’. त्यानंतर दीर्घकाळ तो कोणाला दिसला नाही. तेथील अरण्य तोडून शेती झाली. शोधकांनी पुनःपुन्हा धांडोळा घेतला, पण व्यर्थ. २००७ साली तो नामशेष म्हणून जाहीर झाला. लोकरी देठांच्या त्या झाडाचे तेव्हा ठाऊक असलेले नमुने वाळलेल्या कागदांवरच होते. ‘नामशेष’ या शब्दाचा अर्थ इतक्या अक्षरशः क्वचितच खरा ठरतो. नाव तेवढे शेष होते.

लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, तेव्हा महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. ग्रंथाला ही दुसरी संधी असते. कारण शब्द माणसाच्या कंठातही राहतात. झाडाला ती नसते. एक उतार मोकळा झाला, झऱ्याचे पाणी वळवले, वरची सावली तोडली की त्या जातीची एकमेव प्रत जाते आणि ती कोणाला पाठ नसते.

म्हणूनच पूर्व कामेंगच्या त्या रोपाला एका समाजाचे नाव मिळणे अर्थपूर्ण आहे. न्यिशी पुरुषांच्या वेताच्या पारंपरिक शिरस्त्राणावर धनेश पक्ष्याची चोच मिरवण्याची प्रथा होती. त्यासाठी धनेश मारले जात. पुढे त्याच समाजातील अनेकांनी खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासची चोच वापरण्यास प्रारंभ केला. पाके व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात २०११-१२ पासून तर न्यिशी गावांतील माणसे धनेशांच्या ढोल्यांची राखण करीत आहेत. शिरस्त्राण राहिले, मान राहिला, पक्षीही राहिला. परंपरा टाकून न देता तिच्यात असा बदल घडवणे हे कोणत्याही समाजाला सोपे नसते. ज्या समाजाने ते करून दाखवले, त्याच्या नावाने एक फूल ओळखले जावे, हे उचितच झाले.

श्रोतेहो, बेगाँ यांच्या ग्रंथमुद्रेतील शेवटचा लॅटिन शब्द आहे ‘आमिकोरुम’, म्हणजे ‘मित्रांचे’. आणि या नव्या बेगोनियाचे जातिनाम आहे ‘न्यिशिओरम’, म्हणजे ‘न्यिशींचा’. दोन्ही शब्दांच्या अंती एकच षष्ठीचा प्रत्यय आहे. तीनशे वर्षांपूर्वी या कुलाला एका अधिकाऱ्याचे नाव मिळाले. आज त्याच्या एका नव्या जातीला अरण्याच्या शेजाऱ्यांचे नाव मिळाले आहे. अधिकाऱ्याच्या ग्रंथांवर जी मुद्रा होती, तीच जणू आता एका डोंगरउतारावर उमटली आहे, आणि तिच्यात हक्काबरोबर राखणीचा भारही आला आहे.

ग्रंथालयाचे आयुष्यही याच षष्ठीवर चालते. शंभर वर्षे हे ग्रंथ ‘सभासदांचे’ राहिले, म्हणून ते टिकले. कपाटाला कुलूप होते म्हणून नव्हे. पुढच्या वेळी सज्जातील कुंडीला पाणी घालताना त्या तिरप्या पानाकडे क्षणभर पाहावे. ते ज्याच्या नावाचे आहे त्याचे गुण आणि दोष दोन्ही आठवावेत, आणि दूर पूर्वेकडच्या ओल्या उतारावरचा त्याचा किरमिजी देठांचा भाऊ ज्यांच्या नावाचा आहे, त्यांचेही स्मरण करावे.