छपराला रंग कोणता द्यावा?

नागपूरला आमच्या घरावर टिनाचं छप्पर होतं. एका एप्रिलमध्ये वडिलांनी त्याला चंदेरी रंग दिला. डोळे दिपतील असा तो चमकायचा. वडिलांना वाटलं, आता ऊन परतलं! खाली आई मात्र डोक्यावर ओलं फडकं ठेवूनच शिवणयंत्र चालवत राहिली.

चूक कुठे झाली, हे मला फार उशिरा कळलं. श्रोतेहो, सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी डोळ्यांना दिसतच नाही. ती अवरक्त किरणांची. त्यामुळे रंग दिसतो कसा, यावरून तो तापेल किती, हे पुरतं सांगता येत नाही. झाडाचं पान हिरवं दिसतं, पण अवरक्त किरणांचा मोठा भाग ते परतवतं. (लष्करी वाहनांच्या हिरव्या रंगालाही ही नक्कल करावी लागते, नाहीतर झाडीत लपवलेली गाडी अवरक्त छायाचित्रात उठून दिसते.) काजळीचा काळा रंग सगळंच ऊन पितो. लोह आणि क्रोमियमच्या ऑक्साइडांपासून बनवलेलं काळं रंगद्रव्य अवरक्त किरण बऱ्यापैकी परतवतं. दिसायला दोन्ही काळेच!

पण छपराला आणखी एक काम असतं. शिरलेली उष्णता त्यानं लांब लहरींच्या अवरक्त किरणांतून बाहेर टाकायला हवी. अॅल्युमिनियमच्या पुडीचा चंदेरी रंग इथेच कच्चा पडतो. पांढरा रंग, अगदी साधा चुनासुद्धा, दोन्ही कामं करतो. भर उन्हात गडद छप्पर ६५ अंशांपर्यंत तापतं. चांगलं पांढरं छप्पर त्याहून २५-३० अंशांनी थंड राहू शकतं.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा रंग जाहीर केला. तो ९८.१ टक्के ऊन परतवतो. त्यातले कण मुद्दाम लहानमोठे ठेवलेत, कारण प्रत्येक आकाराचा कण वेगळ्या लहरी विखुरतो. शिवाय ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना हवा फारशी अडवत नाही, त्या वाटेनं उष्णता थेट आकाशात निघून जाते. म्हणून भर दुपारीही तो पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहिला.

तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं. आमच्या पत्र्यावरही आता पांढरा रंग आहे. चुना गुळगुळीत पत्र्याला धरत नाही, तो स्लॅबवर ठीक. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण कमी होतो, म्हणून मार्चमध्ये खराटा आणि दोन बादल्या पाणी घेऊन मी वर चढतो. शेजारी विचारतात, "पत्रा कशाला धुता हो?"